विजेची गाडी आणि पाथेय

आमच्या घरांत महिन्यांतून दोन रविवार असे उगवतात कीं, पहांटे साडेपांचालाच दारांत आठ-दहा माणसें जमलेलीं असतात आणि तरीहि गल्लींत आवाज म्हणून होत नाहीं. पूर्वीं सहलीस निघणाऱ्या मंडळींच्या फटफट्या सुरू झाल्या कीं सारी आळी दचकून जागी होत असे. आतां पांच-सहा गाड्या निघून जातात, आणि शेजारच्या काकूंना त्याची वार्ता लागते ती दुधाची पिशवी उचलण्यास दार उघडल्यावर. या गाड्या विजेवर चालणाऱ्या. माझे दोघे चिरंजीव, एक पुतण्या, त्यांच्या कचेऱ्यांतील कांहीं स्नेही आणि पलीकडच्या इमारतींतले एक निवृत्त पोस्टमास्तर अशी ही मंडळी आहे. गेल्या वर्षापासून मीहि तिचा सभासद झालों आहें, हें या पानाच्या नेहमींच्या वाचकांस सांगतांना थोडा संकोच वाटतो.

संकोच अशासाठीं कीं, या प्रकाराची मीं प्रथम यथेच्छ टवाळी केली होती. पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जात असे त्या काळांत आम्ही चार-पांच मित्र सदाशिव पेठेंतून निघून खडकवासल्यापर्यंत सायकली हाणीत जात असूं. धरणाच्या भिंतीजवळ मिळणारें भाजलेलें कणीस आणि घरून आणलेली शिदोरी हें आमचें पारितोषिक. घाम गाळल्यावांचून जो खातो त्यास भज्यांची खरी चव कळत नाहीं, असा माझा सिद्धान्त होता. आणि मास्तरकींत आयुष्य गेलेल्या माणसाचे सिद्धान्त सहसा बदलत नाहींत. तो बदलला माझ्या गुडघ्यांनीं. डॉक्टरांनीं सायकल बंद करावयास सांगितली, दोन वर्षें ती जिन्याखालीं गंजत पडली, आणि मग पासष्टीच्या दिवशीं धाकट्यानें विजेची सायकल आणून दारांत उभी केली.

या सायकलीला पायडल मारावेंच लागतें. आपण पाय हलवावा आणि तिनें त्यांत भर घालावी, असा तिचा करार आहे. मोटारीची शक्ति २५० वॅटपेक्षां कमी आणि वेग ताशीं २५ किलोमीटरच्या आंत असल्यास आपल्या कायद्याप्रमाणें अशा वाहनाला ना नोंदणी लागते, ना परवाना. कल्पना मात्र मुळींच नवी नव्हे. ऑग्डन बोल्टन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें विजेच्या सायकलीचें पेटंट १८९५ सालींच घेतलें होतें. घोडें अडलें होतें तें बॅटरीच्या वजनापाशीं. १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली. तिच्या पायाभूत संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पायडलाला मदत करणारी सायकल यामाहा कंपनीनें जपानांत १९९३ सालीं विक्रीस आणली; आणि आमच्या शेजारच्या आकुर्डीच्या बजाज कंपनीनें जानेवारी २०२० मध्यें विजेवरची चेतक काढली, तेव्हां ज्यांनीं जुन्या चेतकसाठीं नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहिली होती अशा आमच्या पिढींतल्या कितीतरी जणांचे कान टवकारले. इतिहास एवढा पुरे. मला सांगावयाचें आहे तें खाण्याबद्दल.

संस्कृतांत वाटेवरच्या अन्नाला पाथेय म्हणतात. पथिन् या शब्दाला पाणिनीनें सांगितलेला ढञ् प्रत्यय लावून तो सिद्ध होतो, आणि त्याचा अर्थ वाटेवर जें उपयोगी पडतें तें. आमच्या मंडळींत या शब्दाची मीमांसा दर पंधरवड्यास नव्यानें होते. पुतण्या म्हणतो, भडंगासारखें पाथेय नाहीं. गप्पा मारतां मारतां मुठीमुठीनें खातां येतें आणि कितीहि खाल्लें तरी हिशेब लागत नाहीं. पोस्टमास्तर दशम्यांचे पक्षपाती. दशमीची कणीक पाण्याऐवजीं दुधांत भिजवीत असल्यामुळें आमच्या आज्या ती प्रवासांत चालवून घेत. पोळीला सोवळ्या-ओंवळ्याची जी अडचण येई ती दशमीला येत नसे. आतां तें सोवळें राहिलें नाहीं, परंतु दशमी दुसऱ्या दिवशींहि मऊ राहते हा तिचा गुण कोठेंहि गेलेला नाहीं. लसणीची चटणी, गुळांबा, तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजणीचें थालीपीठ यांचेहि आपापले उपासक आहेत.

परंतु सर्वांचें एकमत होतें तें दडप्या पोह्यांवर. पातळ पोहे, ओला नारळ, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, मीठ, किंचित् साखर आणि वरून हिंग, हळद, मिरची व शेंगदाणे घातलेली फोडणी. पोहे भिजवावयाचे नाहींत. नारळाच्या पाण्याचा हबका मारून ते नुसते दडपून ठेवावयाचे. त्यांना मऊ होण्यास जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ आम्हांला पुण्याहून डोणज्यास पोंचण्यास लागतो. घरीं डबा दाबून बंद करावा आणि सिंहगडाच्या पायथ्याशीं उघडावा, म्हणजे पोहे अगदीं वेळेवर तयार. काकडी मात्र तेथेंच चोचवून घालावी आणि पापड खातांना चुरावा. घरूनच काकडी घातली तर तिला पाणी सुटतें; या गोष्टीचा पुढें संबंध येणार आहे.

माझ्या जुन्या पेट्रोलच्या स्कूटरवरून डबा नेला कीं पोळीला पेट्रोलचा वास लागलेला असे. विजेच्या गाडीस तो प्रश्न नाहीं. पेट्रोलची टांकी नसल्यामुळें बैठकीखालीं ऐसपैस पेटी मिळते. तींत डबा ठेवावा कीं शिरस्त्राण, एवढाच काय तो वाद. त्याचा निकाल बहुधा डब्याच्या बाजूनें लागतो.

आतां थांबण्याविषयीं. डोणज्याहून सिंहगडाचा घाट चढतांना बॅटरी भराभर उतरते. परत येतांना ब्रेकच्या वेळीं चाकाची शक्ति थोडीशी बॅटरींत परत जाते हें खरें, पण तें सावकारानें आपलें व्याज कापून घेऊन मुद्दलापैकीं चार पैसे परत करावे तसें. गडावर पिठलें-भाकरी आणि मडक्यांतलें दहीं खाऊन खालीं आलें कीं एखाद्या ओळखीच्या खाणावळींत गाड्या चार्जिंगला लावावयाच्या, हा परिपाठ. मंडळींचा एक अलिखित नियम आहे कीं, ज्याच्या घरची वीज घ्यावयाची त्याच्या घरचें कांहीं तरी खाल्लेंच पाहिजे आणि विजेचे पैसे वेगळे दिले पाहिजेत. एकदां एका उत्साही नवख्यानें न विचारतां प्लग जोडला आणि मालकिणीचा मिक्सर चटणी अर्ध्यावर असतांना बंद पडला. त्या दिवशीं आम्हीं जरुरीपेक्षां अंमळ जास्तच भजीं खाल्लीं.

साध्या प्लगवर तासाभरांत पाऊण युनिटाच्या आंतबाहेर वीज भरते. स्कूटर एका युनिटांत तीस-पस्तीस किलोमीटर जाते. म्हणजे तासभर बसलें कीं वीस-पंचवीस किलोमीटरांची बेगमी झाली. माझ्या नातवानें एकदां विचारलें कीं, गाडी जास्त खाते कीं आपण? मीं त्याला गणित घातलें. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. दडप्या पोह्यांची एक बशी पावणेतीनशें-तीनशें किलोकॅलरींची धरली, तर तीन बशांत स्कूटर घरापासून डोणज्यापर्यंत जाऊन परतीच्या वाटेलाहि लागेल. पोस्टमास्तर तीन बशा पोहे खाऊन सतरंजीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जातात, हें नातवानें आपण होऊन ताडलें.

या सक्तीच्या तासाची मला फार गोडी लागली आहे. पेट्रोलच्या गाडीला पांच मिनिटांत पोट भरून मिळतें आणि माणूस लगेच पुढें पळतो. येथें पळतांच येत नाहीं. पहिलीं दहा मिनिटें सारे जण फोनवर किती टक्के झाले तें पाहतात. मग ते टक्के हलेनासे दिसतात, फोन खिशांत जातात, कोणी पत्त्यांचा डाव मांडतो, कोणी भेंड्या लावतो, कोणी टोपी तोंडावर घेऊन आडवा होतो. घरीं थोरला चिरंजीव माझ्याशीं 'हूं' आणि 'पाहूं' या दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीं. शिरवळच्या एका बांकावर, वाईस जातांना, त्यानें मला तास-दीडतास आपल्या कचेरींतली सारी कटकट सांगितली. मीं एकहि उपदेश केला नाहीं. तोंडांत दशमी होती, हें एक कारण.

असें सर्व यथास्थित चाललें असतां माघांतल्या एका रविवारीं पोस्टमास्तरांनीं बशी खालीं ठेवून विचारलें, "मास्तर, हे पोहे करतं कोण?"

मीं म्हटलें, "आमच्याकडे पूर्वींपासून असेच होतात."

वाक्य तोंडांतून गेलें आणि माझें मलाच तें खटकलें. चाळीस वर्षें मुलांना व्याकरण शिकवीत आलों. 'करणें' हें क्रियापद घातलें कीं कर्ता सांगावा लागतो. 'होणें' घातलें कीं पोहे आपोआप होतात. पोस्टमास्तरांनीं कर्ता विचारला होता आणि मीं तो मोठ्या सफाईनें गाळला होता.

पुढच्या फेरीच्या पहांटे मी मुद्दाम चारला उठलों. स्वयंपाकघरांत दिवा होता. थोरली सूनबाई विळीवर नारळ खोवीत बसली होती, आणि ओट्यावर चार डबे उघडे होते.

"अण्णा, इतक्या लवकर उठलांत? चहा टाकूं?"

"चहा राहूं दे. तूं केव्हां उठलीस?"

"पावणेचारला. नारळ आदल्या रात्रीं खोवून ठेवला तर पोह्यांना वास येतो."

"आणि निजलीस केव्हां?"

"अकराला. मध्यें एकदां खालीं जाऊन आलें. खालीं प्लग एकच आहे ना. एक गाडी भरली कीं ती काढून दुसरी लावावी लागते."

या प्लगबद्दल मी अनभिज्ञ होतों. सकाळीं दोन्ही गाड्या भरलेल्या मिळत; त्या कशा भरतात याचा विचार मीं केला नव्हता. तेंहि 'होत' असे.

मीं विचारलें, "तुला कधीं आमच्याबरोबर यावेंसें वाटत नाहीं काय?"

तिनें पोह्यांवर नारळ पसरला, हातानें दाबला, आणि मान वर न करतां म्हणाली, "त्यांतली पांढरी गाडी माझ्याच नांवावर आहे, अण्णा. आठवडाभर तिच्यावरून बँकेंत जातें. रविवारीं ती फिरावयास जाते आणि मी घरीं राहतें."

त्यांत राग नव्हता, तक्रारीचा सूर नव्हता. नव्हता म्हणूनच मला तिथून उठवेना. त्या दिवशीं मीं गुडघा दुखत असल्याचें निमित्त सांगितलें आणि घरींच राहिलों.

मंडळी परत आल्यावर रात्रीं जेवणाच्या वेळीं विषय काढला. थोरला म्हणाला, "तिला कोणीं नको म्हटलें आहे?" मीं म्हटलें, "ये असें तरी कोणीं म्हटलें आहे?" तो गप्प झाला. धाकट्यानें लगेच पुढच्या रविवारची गाडी मोकळी करून दिली. पण त्यांत औदार्य कसलें, गाडी तिचीच होती. अडचण निघाली ती निराळ्याच बाजूनें. आमच्या सौ. म्हणाल्या, "ती गेली तर डबे कोण करणार, आणि दुपारीं नऊ माणसांचा स्वयंपाक?" आणि मग ताटाकडे पाहत हळूच म्हणाल्या, "मला कोणीं नेलें होतें का कधीं खडकवासल्याला? शिदोऱ्या मात्र बांधल्या."

लग्नानंतरहि पांच-सहा वर्षें आमच्या त्या सायकलींच्या सहली चालू होत्या. पारितोषिक म्हणून जी शिदोरी मी वर सांगितली ती याच हातांची. आपण ती घाम गाळून मिळवली असें मी इतकीं वर्षें समजत आलों होतों. मला कांहीं उत्तर देतां आलें नाहीं, आणि वाचकहो, तें येथेंहि देतां येत नाहीं.

असो. पुढच्या फेरीस डबे पुरुषांनीं करावयाचे ठरलें. शनिवारीं रात्रीं पुतण्यानें भडंग केलें. तें बरें झालें, कारण त्यांत बिघडण्यासारखें फारसें नसतें. एक वाजतां प्लग बदलण्यास थोरला खालीं गेला आणि परत येतांना किल्ली वर विसरल्यामुळें सर्वांना उठवून गेला. दडपे पोहे करण्याचा मान मी आपल्याकडे घेतला. एवढीं वर्षें खातों आहें तेव्हां करतां येतीलच, अशी माझी समजूत. नारळ खोवतांना बोट कापलें, करवंटीचा तपकिरी भागहि खोवला गेला आणि उत्साहाच्या भरांत काकडी घरींच घातली. डोणज्यास डबा उघडल्यावर काय दिसलें याचें वर्णन मला पोस्टमास्तरांनीं फोनवरून ऐकविलें. त्यांनीं ते पोहे चमच्यानें खाल्ले आणि या पदार्थाला पोह्यांचें सार असें नवें नांव दिलें.

मी घरीं होतों. सौ.च्या हाताखालीं भाजी चिरणें, कुकर लावणें, ताटें घेणें अशीं कामें केलीं. पावणेबारापर्यंत पाय ओढल्यासारखे झाले आणि मोटार नसलेलें काम म्हणजे काय याची पुनश्च ओळख पटली.

दीडच्या सुमारास मंडळी आली. सूनबाई स्वतःची गाडी स्वतः चालवीत सर्वांत पुढें. तोंड उन्हानें लाल झालेलें, केस विसकटलेले. सौ.नीं विचारलें, "गड पाहिलास? काय काय खाल्लेंस? पिठलं कसं होतं?"

ती जराशी ओशाळून म्हणाली, "गडावर गेलेंच नाहीं, आई. डोणज्याला थांबलों, गाडी चार्जिंगला लावली, झाडाखालीं सतरंजी घातली. मी म्हटलं, जरा पाठ टेकतें. डोळा लागला तो सव्वा तास."

"आणि हे सगळे?"

"कोणींच उठवलं नाहीं."

थोरला म्हणाला, "आम्हीं भेंड्यासुद्धां लावल्या नाहींत." आणि पाण्याचा तांब्या घेऊन आंत गेला.

सूनबाईनें बैठकीखालच्या पेटींतून डबा काढला. पोह्यांपैकीं अर्धे परत आले होते. ते दुपारीं मींच खाल्ले. थोडी कणीक घालून थापले तर थालीपीठ बरें झालें असतें असें सौ. म्हणाल्या, पण तोंवर ते संपले होते.

तेव्हांपासून डब्यांची पाळी ठरली आहे. थोरला आतां नारळ पांढराशुभ्र खोवतो, धाकट्याला फोडणी साधली आहे, आणि खालच्या वाहनतळांत इलेक्ट्रिशियनला बोलावून दुसरा प्लग बसवून घेतला आहे. त्याला खर्च आला तो पाहतां हें काम वर्षापूर्वींच करतां आलें असतें. काकडी मजकडे आहे, परंतु ती सबंध न्यावयाची आणि तेथेंच चोचवावयाची या अटीवर.

येत्या रविवारीं वाईचा बेत आहे. कात्रज आणि खंबाटकी दोन्ही घाट चढावयाचे, तेव्हां शिरवळास तासभर तरी थांबणें आलें. मी जातों आहें तो पुतण्याच्या मागें बसून. पांढऱ्या गाडीवर सूनबाईच्या मागें सौ. बसणार आहेत. कालपासून त्या शिरस्त्राण घालून आरशासमोर दोनदां उभ्या राहिल्या, आणि दशम्यांची कणीक दुधांत नीट भिजवतां येते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं थोरल्याची आज संध्याकाळीं परीक्षा घेणार आहेत.